कात्रजचा डोंगर आणि आंबिल ओढा

कात्रजच्या जुन्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाची वाटणी तिथल्या तिथेच होते. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी खेड शिवापूरच्या बाजूला शिवगंगेत उतरते, तिथून गुंजवणीत आणि पुढे नीरेत जाते. उत्तरेच्या उतारावरचे पाणी कात्रजच्या तलावांत येते, आंबिल ओढ्यातून पुणे शहर ओलांडून मुठेला मिळते, मुळा-मुठा होऊन भीमेत जाते आणि उजनीच्या जलाशयात शिरते. माथ्यावर हातभर अंतराने पडलेले दोन थेंब दोन निराळ्या खोऱ्यांतून चालत राहतात आणि नीरा भीमेला मिळते त्या नीरा-नरसिंगपूरला पुन्हा एका पात्रात येऊन पंढरपूरकडे जातात. हे पुस्तक त्यांतल्या उत्तरेच्या थेंबाचे आहे, आणि तेही त्याच्या वाटेवरच्या पहिल्या दहा-बारा किलोमीटरांचे.

एवढ्याशा ओढ्यावर अख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. नद्यांवर पुस्तके होतात, त्यांची स्तोत्रे होतात, परिक्रमा होतात. ओढ्याच्या वाट्याला यांतले काही येत नाही. सातारा रस्त्याने रोज ये-जा करणारी माणसे हा ओढा कितीदा ओलांडतात याची त्यांना कल्पनाही नसते, कारण पुलाचे कठडे उंच आहेत आणि खाली बघण्यासारखे काही उरलेले नाही असे सर्वांनी धरून चालले आहे. पण शहराच्या दक्षिण भागातल्या लाखो माणसांच्या घरावर पडणारा पाऊस याच ओढ्यात जातो. ज्यांनी तो कधी पाहिलेला नाही, तेही त्याच्या पाणलोटातच राहतात. माझ्या मते पुस्तक लिहिण्याला एवढे कारण पुरेसे आहे.

आधी त्याचा रस्ता सांगतो. कात्रजच्या डोंगरातून निघालेले ओहोळ वरच्या आणि खालच्या तलावात जमा होतात. खालच्या तलावाच्या सांडव्यावरून निघालेला ओढा बालाजीनगर, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असा उत्तरेकडे येतो, मित्रमंडळ चौकाजवळून पर्वतीच्या पायथ्याला वळसा घालतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेत पडतो. वाटेत पश्चिमेकडून तळजाईच्या टेकडीचे पाणी येते, पूर्वेकडून बिबवेवाडीच्या चढाचे येते. दक्षिणेला कात्रजची उंच कड, दोन्ही अंगांना टेकड्या आणि उत्तरेला मुठेकडे उघडलेले तोंड, अशी ही एका बाजूने कलती परात आहे. ओढा म्हणजे तिच्या तळाशी पाणी जिथे एकत्र येते ती रेघ. परातीत कुठेही काही सांडले तरी ते त्या रेघेवर येणारच.

ही गोष्ट साधी आहे, तरी शहराच्या कारभारात ती सहज निसटते. आपण ओढा मोजतो तो काठापासून काठापर्यंत: रुंदी अमुक मीटर, भिंत तमुक मीटर, पुलाखाली इतके नळे. पाण्याचा हिशेब मात्र काठावर होत नाही, वर होतो. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १० लाख लिटर भरते. दहा चौरस किलोमीटरांवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर ५० कोटी लिटर. त्यातले किती जमिनीत मुरणार, किती वाटेत रेंगाळणार आणि किती थेट ओढ्यात धावत येणार, हे सारे त्या दहा चौरस किलोमीटरांवर काय आहे यावर ठरते. गवत आहे की काँक्रीट, पायऱ्यापायऱ्यांची खाचरे आहेत की सपाट केलेले प्लॉट, माती आहे की उघडा कातळ. खाली उभे राहून कितीही मोजमाप केले तरी या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

इथला खडक काळा पाषाण आहे, दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतला गेलेला बेसॉल्ट. घट्ट कातळ पाणी पीत नाही. पाणी मुरते ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. त्यामुळे डोंगरावर मातीचा आणि मुरमाचा जो वीतभर, हातभर थर आहे, तोच सगळा कारभार सांभाळतो. तो थर गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला असला की पावसाचे पाणी थबकते, झिरपते आणि सावकाश खाली येते. पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस ओहोळ वाहतात ते या थबकलेल्या पाण्यावर. जेसीबीने तो थर खरवडून मुरूम विकला की राहतो कातळ, आणि कातळावरचे पाणी पळत सुटते. पुण्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर, म्हणजे घाटमाथ्याच्या मानाने अगदी बेताचा. आषाढातली रिपरिप या ओढ्याला जड जात नाही. त्याची परीक्षा होते भाद्रपद-आश्विनात. परतीच्या पावसाचे ढग दुपारी उभे राहतात, संध्याकाळी गडगडतात आणि एका टेकडीवर तास-दीड तास कोसळून मोकळे होतात. तोवर माती पाण्याने गच्च झालेली असते आणि तलाव काठोकाठ भरलेले असतात. नव्या पाण्याला जागाच नसते.

अठराव्या शतकातल्या माणसांनी या ओढ्याचा वरपासून खालपर्यंत विचार केला होता. जुने पुणे पूर्वेची नागझरी, पश्चिमेचा आंबिल ओढा आणि उत्तरेची मुठा यांच्या बेचक्यात वसलेले होते. आज जिथे गजबजलेल्या पेठा आहेत तिथून तेव्हा आंबिल ओढा वाहत होता. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत शहर वाढू लागले तसे दोन प्रश्न उभे राहिले: प्यायला पाणी हवे, आणि वाढायला जागा हवी. दोन्हींची उत्तरे या एका ओढ्यात शोधली गेली. वर कात्रजला दगडी धरण घालून तलाव बांधले. वरच्या तलावात गाळ खाली बसावा आणि निवळ पाणी खालच्या तलावात यावे अशी योजना. तिथून जमिनीखालून बांधीव नळ काढून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. खाली पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून मोठे तळे केले आणि प्रवाह पेठांपासून दूर, पश्चिमेकडे वळवला. त्या तळ्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपतीची स्थापना झाली. तळे गेले आणि बाग आली, तरी सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर आजही तळ्यातला गणपतीच म्हणतात.

कात्रजच्या त्या नळाकडे जरा जवळून पाहायला हवे. त्यात पंप नाही, चाक नाही, कसलेही यंत्र नाही. डोंगराच्या पायथ्यापासून पेठांपर्यंत जमीन जेवढी उतरते, तेवढ्या उतारावर सगळी भिस्त. उतार जास्त ठेवला तर वेगाने बांधकाम झिजते, कमी ठेवला तर गाळ साचून नळ तुंबतो. तो मैलोन्‌मैल मधोमध राखायचा, तोही जमिनीखाली. नळ इतका ऐसपैस की माणसाला आत उतरून चालता यावे आणि साफसफाई करता यावी. ठरावीक अंतरावर वर उघडणारे दगडी उच्छ्वास, हवा खेळण्यासाठी आणि आत उतरण्यासाठी. पाण्याबरोबर आलेला गाळ मधेमधे खाली बसावा अशीही सोय. हे काम करणाऱ्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी या खोऱ्याचा उतार पायाखाली घालून ओळखलेला होता. पाणी डोंगरावर कुठे पडते, कुठे थांबवायचे, कुठून न्यायचे आणि उरलेल्याला कुठून वाट करून द्यायची, या चारही गोष्टी एकाच आखणीत बसवलेल्या होत्या. पेशवाईचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क नव्हता, आणि हौदाच्या काठावर कुणी यायचे नि कुणी लांब उभे राहायचे हे जातीवर ठरत होते. तो इतिहास या पुस्तकात आला आहे आणि तो तसा यायलाच हवा होता. पण ओढा आणि डोंगर मिळून एकच वस्तू आहे, ही समज त्या आखणीत होती, एवढे मान्य करावे लागेल.

१८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि शहराचे डोळे पश्चिमेकडे लागले. पाणी मुठेच्या धरणांतून येऊ लागल्यावर कात्रजच्या तलावांकडे आणि नळाकडे बघण्याची निकड उरली नाही. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत सहकारनगरही होते. मुठेच्या पुराने उठवलेली कुटुंबे आंबिल ओढ्याच्या शेजारी येऊन राहिली. त्या वेळी ओढा सुटसुटीत होता, काठाला उंबर-करंज होते, वर शेते होती. १९९७ मध्ये कात्रज आणि धनकवडी ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली. पण त्याच्या आधीपासूनच गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या जात होत्या. सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती चढत गेल्या. भाजीपाल्याची वाफे-खाचरे गेली, त्यांच्या बांधांवर थांबणारे पाणी गेले. कुठे ओढ्याच्या कडेला भराव पडला, कुठे वाकण सरळ केले गेले, कुठे रस्ता नेण्यासाठी त्याच्यावर स्लॅब टाकला गेला. एकेक काम पाहिले तर किरकोळ वाटते. प्रत्येक वेळी ओढ्याने थोडेसे सरकून घेतले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला सरकायला जागा राहिली नव्हती. दक्षिण पुण्यावर आणि कात्रजच्या डोंगरावर मुसळधार पाऊस झाला, तलाव ओसंडले आणि रात्रीतच ओढा सोसायट्यांत, वस्त्यांत, रस्त्यांवर शिरला. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. मोटारी एकमेकींवर चढल्या, गोठ्यात बांधलेली जनावरे दावणीलाच मेली. शहर आणि परिसर मिळून त्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले.

त्या रात्रीतली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पुणेकरांना पूर म्हटले की खडकवासला आठवते. धरणातून किती क्यूसेक सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे आकडे पावसाळ्यात घरोघर फिरतात. नदीचा पूर सांगून येतो. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, नदीकाठची गाडीतळे रिकामी करायला सांगितली जातात. नदीला निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर कुठवर चढेल याचा नकाशा आहे. ओढ्याच्या पुराला दरवाजा नाही. तो कुणी सोडत नाही. डोंगरावर पडला आणि खाली आला, मध्ये फार तर तासाभराचा अवधी. रात्रीची वेळ, वीज गेलेली, आपल्या गल्लीत पाऊस जेमतेम आणि तरीही पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलेले. अशा पुराची सूचना मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे वरचा डोंगर. सूचना ऐकायची तर पद्मावतीच्या माणसाला कात्रजच्या टेकडीवर काय चालले आहे हे ठाऊक असायला हवे. आज धनकवडीचा माणूस आणि दांडेकर पुलाचा माणूस स्वतःला एका पाण्याचे शेजारी समजत नाहीत. या पुस्तकाने ती ओळख करून द्यावी, अशी माझी फार इच्छा आहे.

ओळख करून घ्यायला अवजड साधने लागत नाहीत. पावसाच्या दिवशी पुलावर उभे राहून पाण्याचा रंग पाहिला तरी पुष्कळ कळते. वर गवताळ उतारांवरून आलेला ओहोळ जवळजवळ नितळ असतो, तळाचे खडे मोजता येतात. तांबूस-पिवळे, दाट पाणी आले तर वर कुठेतरी ताजा डोंगर फोडलेला आहे. तो मुरूम वाहून येतो आहे आणि तोच उद्या खालच्या नळ्यांत बसणार आहे. करडे, फेसाळ पाणी म्हणजे मैलापाणी. पाऊस नसतानाही ओढा वाहत असेल तर तो प्रवाह झऱ्यांचा आहे की ड्रेनेजचा, हे वासावरून आणि तळाच्या बुळबुळीत काळ्या थरावरून ओळखू येते. कडेच्या झाडांच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या किती उंचीवर अडकल्या आहेत, हे पाहून गेल्या मोठ्या पावसात पाणी कुठवर चढले होते तेही सांगता येते. पुलाखाली एक मोठी कमान आहे की शेजारी शेजारी टाकलेले चार नळे, हे वाकून पाहावे. नळ्यांच्या तोंडाशी एक गादी, दोन फांद्या आणि पिशव्यांचा गुंता अडकला की तो पूल राहत नाही, बांध होतो. त्याच्या मागे पाणी चढत जाते, आणि ते जिथे चढते तिथली माणसे पावसाला दोष देतात.

जीवसृष्टीवरचे प्रकरण वाचताना मला सर्वांत जास्त आनंद झाला, आणि सर्वांत जास्त चुटपुटही तिथेच लागली. कात्रजच्या वरच्या उतारांवर भाद्रपदात सोनकी आणि तेरडा फुलतो, करवंदीच्या जाळ्या आहेत, ओहोळाच्या दगडांखाली खेकडे आहेत. खाली तलावावर जलपर्णी पसरते; तिला वाढायला लागणारे खत आपल्याच न्हाणीघरांतून आणि मोऱ्यांतून जाते. आणखी खाली, जिथे ओढा केवळ सांडपाण्याचा आहे, तिथेही लांब गुलाबी पायांचे शेकाटे गाळात चोच खुपसत फिरतात, ढोकरी कठड्यावर मान आखडून बसलेली असते. पक्षी आहेत म्हणून पाणी बरे आहे असे समजू नये. सांडपाण्याच्या गाळात किड्यांच्या अळ्या वाढतात, त्यांच्यासाठी शेकाटे येतात. वरच्या खेकड्याला चालणारे पाणी वेगळे आणि शेकाट्याला पुरणारे वेगळे. या दोन प्राण्यांच्या मधल्या सात-आठ किलोमीटरांत ओढ्याचे काय झाले, ते या प्रकरणात तपशिलाने मांडले आहे.

उपायांबद्दल लेखकांत एकमत नाही, आणि त्यांनी ते ओढूनताणून दाखवलेलेही नाही हे बरे झाले. २०१९ नंतर ठिकठिकाणी सीमाभिंती उभ्या राहिल्या, अरुंद पूल रुंद करण्याची कामे निघाली. ज्याच्या घरात त्या रात्री छातीभर पाणी होते, त्याला भिंत हवी असते आणि त्याचे म्हणणे रास्तच आहे. पण दोन्ही बाजूंनी उंच भिंतींत कोंडलेले पाणी अधिक वेगाने पुढे जाते आणि जिथे भिंत संपते तिथल्या वस्तीवर जाऊन आदळते. ती वस्ती बहुधा गरिबांची असते, कारण ओढ्याच्या अगदी कडेची जमीन दुसऱ्या कुणाला नको होती. म्हणून मला वाटते, भिंतीवर जेवढा पैसा आणि जेवढे लक्ष खर्च होते तेवढे वर डोंगरावर व्हायला हवे. पालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे ज्याला सगळे बीडीपी म्हणतात त्याचे, आरक्षण आहे. तळजाई-पाचगाव पर्वतीचा पट्टा वनखात्याकडे आहे. कागदावर बरेच काही राखलेले आहे. ते जमिनीवर राखायचे तर टेकडीफोड पहिल्या ट्रकलाच थांबायला हवी. शंभराव्या ट्रकनंतर दंड वसूल करून तो हातभर मातीचा थर परत येत नाही. तलावांतला गाळ काढणे, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तलाव थोडे रिकामे ठेवणे, सोसायट्यांनी छतावरचे पाणी गटारात सोडण्याऐवजी आवारात मुरवणे, मैलापाण्याच्या जोडण्या ओढ्यातून बाहेर काढणे, ही कामे उद्घाटनाच्या फिती कापण्यासारखी नाहीत, पण ओढ्याला उपयोग यांचाच आहे.

पुस्तकाची रचना वरून खाली अशी आहे. पहिली प्रकरणे डोंगर, खडक आणि तलावांची, मग नळाची आणि पेठांची, मग वसाहतींची, आणि अखेरीस पुराच्या रात्रीच्या आठवणी. पुष्कळ वाचक आधी त्या आठवणींकडे वळतील. त्या तशा वाचायलाही हरकत नाही, पण नंतर सुरुवातीला परत यावे. डोंगरावरच्या मातीचे प्रकरण वाचल्याशिवाय टांगेवाला कॉलनीतली भिंत का पडली हे नीट उमगत नाही. सोबतच्या नकाशावर आपले घर शोधावे आणि छतावरचे पाणी कोणत्या गल्लीतून, कोणत्या गटारातून ओढ्यापर्यंत पोचते ती रेघ पेन्सिलीने काढून पाहावी.

आणखी एक काम वाचकांकडे मागतो. ओढ्याकाठच्या बऱ्याच भिंतींवर, जिन्यांवर, दुकानांच्या शटरवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून असेल. दर दिवाळीच्या रंगकामात त्यांतल्या काही पुसल्या जातात. आपल्याकडे अशी खूण असेल तर रस्त्यापासून तिची उंची टेपने मोजा, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, फोटो काढा, आणि रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला सांगा. पुढच्या आवृत्तीत ओढ्याचा पूरनकाशा घालायचा संपादकांचा विचार आहे, आणि तो याच मोजमापांवरून तयार होणार आहे.